चारशे मिली पाण्याची घाई

सकाळी साडेसहा ते सात या अर्ध्या तासात आमच्या गॅसवर कॉफीला जागा नसते. दोन बर्नरची शेगडी. मोठ्यावर पोळ्यांचा तवा, लहानावर आधी आईचा चहा आणि तो उतरला की लगेच डब्याची भाजी. मला साडेसातच्या तासाला कॉलेजात उभं राहायचं असतं (अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो) आणि निघण्याआधी मला आणि बायकोला एकेक कप कॉफी लागते. कॉफी म्हणजे दुधात ढवळायची पूड नव्हे. चिक्कमगळूरकडच्या भाजलेल्या बिया मागवायच्या, हातग्राइंडरवर दळायच्या आणि शंकूच्या आकाराच्या फिल्टरात कागद बसवून वरून बारीक धारेनं गरम पाणी सोडायचं. दोघांत मिळून २५ ग्रॅम कॉफी आणि ४०० मिली पाणी, म्हणजे एकास सोळा.

हे चारशे मिली पाणी कुणाचा बर्नर न अडवता लवकरात लवकर उकळायचं कसं, एवढाच प्रश्न होता. पण घरात तीन माणसं आणि मतं पाच, त्यामुळे निकाल लागायला बराच काळ गेला.

सवयीप्रमाणे आधी कागदावर गणित मांडलं. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला ४.१८ ज्यूल उष्णता लागते. माठातलं नव्हे, पिंपातलं पाणी घेतलं तर ते साधारण २५ अंशांवर असतं. ते १०० पर्यंत न्यायचं, असं पुस्तक म्हणतं. पण सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर आहे. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू ढोबळमानानं एक अंशानं उतरतो, म्हणजे आमच्याकडे पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. प्रयोगशाळेतल्या तापमापीनं घरी खात्री करून घेतली. महाबळेश्वरला गेलात तर तेच पाणी साडेपंच्याण्णवला खळखळू लागेल, आणि मग गॅस कितीही मोठा करा, उघड्या भांड्यात पाणी त्याच्या वर जाणार नाही. कॉफीचं यात काही बिघडत नाही. गाळायच्या कॉफीला ९० ते ९६ अंशांचं पाणी पुरतं. अगदी हलकी भाजलेली बी असेल तर वरच्या टोकाचं हवं, काळपट भाजलेली असेल तर खालच्या.

तर ४०० ग्रॅम पाणी, साडेबहात्तर अंश. सुमारे १२१ किलोज्यूल. कुठलंही साधन आणा, पाण्यात इतकी उष्णता घालावीच लागते. साधनं बदलतात ती दोन बाबतींत: सेकंदाला किती देतात आणि त्यातली किती पाण्याऐवजी स्वयंपाकघराला देतात.

गॅसचं उदाहरण बघा. मोठा बर्नर पूर्ण उघडला की दोन किलोवॅटच्या पुढे उष्णता सोडतो. घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी असं भारतीय मानक सांगतं, पण ती चाचणी रुंद बुडाच्या भांड्यावर होते. मी ठेवत होतो चहाचं उभट पातेलं. ज्योत बुडाखाली न राहता कडेनं वर जायची, कान तापायचा, सांडशी शोधावी लागायची, आणि पाणी मात्र तीन-साडेतीन मिनिटं घ्यायचं. गॅस कमी केला, इतका की ज्योत बुडाच्या कडेला टेकेल पण बाहेर डोकावणार नाही, तर वेळ जेमतेम वीसेक सेकंदांनी वाढला. म्हणजे वरचा सगळा गॅस भिंतीच्या टाइल्स तापवायला जात होता. मग रुंद बुडाची पितळी पातेली (आतून कल्हई केलेली) झाकण ठेवून वापरली, आणि वेळ अडीच मिनिटांच्या आत आला. झाकणाचं महत्त्व आईनं आयुष्यभर सांगितलं होतं. मी ते आलेख काढून सिद्ध केलं, यावर ती फक्त हसली.

पण बर्नर कुणाचा? अडीच मिनिटं मोठा बर्नर मागायचा म्हणजे तापलेला तवा उतरवायचा आणि मळलेली कणीक वाट बघत ठेवायची. बायकोनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘‘अहो, तुमची कॉफी होईपर्यंत पोळी कडक होते. ती मग तुम्हीच खायची.’’ खाल्ली. गॅस बाद.

आईचा उपाय वेगळाच होता. ‘‘गच्चीवरच्या सोलरला फुकटचं गरम पाणी येतंय की. तेच घे.’’ कल्पना वाईट नव्हती. सकाळी टाकीतलं पाणी पन्नास अंशांवर असलं तरी निम्मं नाही पण तिसरा हिस्सा काम झालेलं असतं. अडचण अशी की सोलरची लाइन न्हाणीघरापर्यंतच आहे, आणि नळातून गरम पाणी यायच्या आधी पाइपातलं बादलीभर गार पाणी सोडावं लागतं. त्यापेक्षा मोठी हरकत म्हणजे ते पाणी प्यायचं नाही. टाकीत ते सतत तापत-निवत राहतं, तळाशी गाळ आणि क्षार साचतात, आणि गरम पाणी पाइपातले धातू गार पाण्यापेक्षा जास्त ओढून घेतं. अंघोळीला उत्तम. कपात नको.

मग मायक्रोवेव्ह. तो घरात होताच, पापड भाजायला आणि उरलेला भात गरम करायला. ८०० वॅटचा, म्हणजे १२१ किलोज्यूलला अडीच मिनिटं. प्रत्यक्षात तीन लागली, कारण काचेचं भांडंही तापतं. वेळ गॅसइतकाच आणि बर्नर मोकळा, तरी मी तो नाकारला. गुळगुळीत काचेच्या भांड्यात, शांत ठेवलेलं पाणी कधीकधी उत्कलनबिंदूच्या वर जाऊनही उकळत नाही. बुडबुडा धरायला त्याला खरबरीत जागा लागते. भांडं हलवलं किंवा चमचा घातला की ते एकदम उसळतं, थेट हातावर. भांड्यात लाकडी काडी ठेवली की धोका टळतो, पण सकाळी सहा चाळीसला काडी विसरणार नाही याची हमी मी स्वतःबद्दल देऊ शकत नाही.

पाण्यात बुडवायचा रॉड शेजाऱ्यांनी सुचवला. बादलीसाठीची वस्तू. ओल्या ओट्यावर, उघड्या भांड्यात वीज. तो विषय तिथेच संपला.

खरी चुरस इंडक्शनशी होती. शेजारच्या काकूंचा २००० वॅटचा इंडक्शन दोन दिवसांसाठी आणला. वेगाच्या बाबतीत त्याला तोड नव्हती. उष्णता भांड्याच्या बुडातच तयार होते, त्यामुळे पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास पाण्यात उतरते, आणि आमचं चारशे मिली दीड मिनिटाच्या आत उकळलं. पण भांडं? माझ्याकडे धार सोडायला बारीक लांब चोचीची स्टीलची किटली आहे. ती ठेवली तर यंत्र नुसतं पीं पीं करत राहिलं. लोहचुंबक लावून बघितला, चिकटला नाही. चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. निकेलमुळे त्याची स्फटिकरचना अशी होते की ते चुंबकाला दाद देत नाही. निकेल नसलेलं स्वस्त स्टील मात्र चिकटतं. म्हणून इंडक्शनच्या भांड्यांना बुडाला वेगळा चुंबकीय थर बसवलेला असतो. (हा तुकडा पुढच्याच आठवड्यात बारावीच्या वर्गात वापरला. चोचीची किटली घेऊन गेलो होतो. पोरांना कॉफीत जास्त रस वाटला.) नवं भांडं घ्या, शिवाय ओट्यावर एवढी मोठी पाटी कायमची मांडा, आमच्या ओट्यावर मिक्सर, पाण्याचं पिंप आणि मसाल्याचा डबा यांच्यामध्ये वीतभर जागा उरते. इंडक्शन परत गेला.

उरली इलेक्ट्रिक केटल. इथे दोन वाटा होत्या. एक, चोचीची इलेक्ट्रिक केटल, हवं ते तापमान धरून ठेवणारी. दिसायला देखणी, किमतीला साध्या केटलीच्या चौपट-पाचपट, आणि गंमत म्हणजे हळू. त्यातल्या बऱ्याचशा हजार-बाराशे वॅटच्या असतात. लोक त्या धारेसाठी आणि तापमानासाठी घेतात, वेगासाठी नव्हे. दुसरी वाट, दुकानात कुठेही मिळणारी १५०० वॅटची साधी स्टीलची केटल. चोचीची किटली माझ्याकडे होतीच. साध्या केटलीत उकळायचं आणि तिच्यात ओतायचं. गार स्टीलमध्ये ओतल्यावर पाणी झटकन उतरतं, साडेसत्त्याण्णवचं नव्वदीवर येऊन टेकतं. आमच्या मध्यम भाजलेल्या बियांना ते चालतं. हलकी भाजलेली असेल तर किटली आधी गरम पाण्यानं विसळून घेतो. तापमान धरणारं महागडं यंत्र जे करतं त्यातलं निम्मं काम असं आपोआप झालं.

केटल घरी आली आणि प्लगवर घोडं अडलं. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. ओट्यावरचा सॉकेट सहाचा. आकड्यात फरक अर्ध्याचा दिसतो, पण केटलीबरोबर आलेली जाड पिन तिथे बसतच नव्हती. बाजारात वीस-तीस रुपयांचा जोडप्लग मिळतो, तो मी आणलाही होता. वायरमननं तो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. ‘‘सर, हे हितं लावू नका. महिन्यात काळं पडंल. फ्रीजच्या मागनं सोळाचा पॉइंट काढून देतो.’’ जाडी वायर, वेगळा एमसीबी, नवा बोर्ड. या कामाला केटलीपेक्षा जास्त पैसे लागले. कुणी केटल घ्यायला निघालं की मी आता आधी सॉकेट बघायला सांगतो.

इंग्लंडमधल्या लोकांना हा ताप नाही. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे असतो, त्याच्याकडची केटल ३००० वॅटची आहे. त्यांचा नेहमीचा सॉकेटच १३ अँपिअरचा. उलट अमेरिकेत घरगुती सॉकेटला १२० व्होल्ट. तिथली केटल दीड हजार वॅटच्या वर सहसा जात नाही, आणि न्यू जर्सीतली माझी आतेबहीण चहाचं पाणी अजून गॅसवरच ठेवते.

आता वेळ. पहिल्यांदा लावली ती रविवारी दुपारी. झकास. सोमवारी सकाळी तीच केटल, तेवढंच पाणी, आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त उशीर. केटल बिघडली म्हणून बायको पावती शोधायला लागली. मी मल्टिमीटर लावला. दुपारी २३५ व्होल्ट असणारी आमची गल्ली सकाळी पावणेसातला २०५ वर होती. घरोघरी गीझर चालू आणि पाण्याच्या मोटारी चालू. केटलीच्या आतली तापणारी तार म्हणजे साधा रोध, आणि रोधात शक्ती व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलते. २०५ भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे जवळपास ०.८. दीड हजार वॅटची केटल सकाळी बाराशेची होते. डब्यावर छापलेला आकडा २३० व्होल्टला खरा. व्होल्टेज दहाएक टक्क्यांनी उतरलं की उष्णता वीस टक्क्यांनी उतरते, हे फळ्यावर दरवर्षी लिहितो. कपाच्या बाबतीत ते लिहावं असं आजवर वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या पोटात होती. आत कमीत कमी पाण्याची खूण अर्ध्या लिटरला. तेवढं पाणी नसेल तर लावू नका. म्हणजे मला हवं चारशे आणि तापवावं लागणार पाचशे. पंचवीस टक्के उशीर, नुसता खुणेपायी. आधी चिडचिड झाली. मग लक्षात आलं की कागदी फिल्टर वापरण्याआधी गरम पाण्यानं विसळावा लागतोच, नाहीतर कॉफीला पुठ्ठ्याची चव येते. त्यासाठी मी आजवर गार पाणीच वापरत होतो. आता वरचं शंभर मिली कागद विसळायला आणि शंकू ऊबदार करायला जातं. चव सुधारली, हे मी नाही, बायकोनं सांगितलं.

पाणी उकळलं की केटल टक्कन बंद होते. ती किमया बघण्यासाठी मी झाकण उघडं ठेवून लावली, तर ती थांबेचना. कारण तिला पाणी किती तापलं ते थेट कळत नाही. वाफ एका बारीक वाटेनं मुठीकडे जाते, तिथे दोन धातूंची एकमेकींवर बसवलेली चकती असते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून चकती गरम झाली की उलटी वळते आणि स्विच पाडते. झाकण उघडं असेल तर वाफ बाहेर जाते, चकतीपर्यंत पोचतच नाही. आइल ऑफ मॅन या छोट्याशा बेटावरची स्ट्रिक्स ही कंपनी असली नियंत्रणं बनवण्यासाठी जगभर ओळखली जाते. त्यामागचे संशोधक जॉन टेलर यांनी पुढे केंब्रिजमध्ये काटे नसलेलं, वर टोळासारखा प्राणी बसवलेलं एक भलंमोठं घड्याळ उभारलं. धातूची चकती विकून माणूस असल्या घड्याळापर्यंत पोचतो, हे मला फार आवडलं.

या चकतीमुळे थोडा वेळ जातोही. पाणी उकळल्यावर ती वळायला दहा-पंधरा सेकंद घेते, आणि तेवढ्यात पाण्याचं तापमान काही वाढत नाही, नुसती वाफ होते. म्हणून आवाज ऐकायला शिकलो. सुरुवातीला केटल सूं सूं करते. तो तळाशी झालेले बुडबुडे वरच्या गार पाण्यात फुटून विरल्याचा आवाज. मग तो अचानक मऊ होतो आणि खळखळ सुरू होते. मऊ झाला की हातानं बंद करतो.

एवढं सगळं झाल्यावर सेकंद मोजणं बंद झालं, त्याचं कारण ग्राइंडर. २५ ग्रॅम बिया हातानं दळायला मला दोन मिनिटांच्या वर लागतात. दळून झाल्याशिवाय पाण्याचा उपयोग शून्य. केटलीचं बटण दाबायचं आणि दळायला घ्यायचं. दळून फिल्टर बसवेपर्यंत सकाळच्या पडेल व्होल्टेजलाही पाणी तयार असतं. इंग्लंडातली तीन हजार वॅटची केटल माझ्याकडे असती तर ती मिनिटभर आधी उकळून माझी वाट बघत बसली असती. पुढचं सगळं तर घाई न करण्याचंच काम आहे: पहिल्या थोड्या पाण्यानं पूड भिजवून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं, ताजी असेल तर ती फुगते, आणि मग तीन-चार ओतण्यांत उरलेलं पाणी. कुणाला वेळ वाचवायचाच असेल तर त्यानं विजेवरचा ग्राइंडर घ्यावा. मी घेणार नाही. त्याचा आवाज आईच्या पूजेच्या वेळी चालणार नाही.

खर्चाचंही बघितलं, कारण ‘वीज महाग पडते’ हे घरात आपोआप बोललं जातं. केटलीत एका खेपेला साधारण ०.०५ युनिट जातं. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी पन्नास पैसे. सिलिंडर नऊशेचा धरला तर १४.२ किलोच्या हिशेबानं त्याच कामाला गॅस पस्तीस-चाळीस पैशांचा. दहा-पंधरा पैशांसाठी मी पोळीवरून भांडणार नाही.

देखभाल फारशी नाही. आमच्या भागात कासचं पाणी येतं, ते मऊ आहे. उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळावं लागलं की मात्र केटलीच्या बुडाला पांढरा थर धरतो. उष्णता त्या थरातून जायला वेळ घेते आणि आवाजही वाढतो. चमचाभर लिंबूसत्त्व अर्ध्या लिटर पाण्यात टाकून एकदा उकळायचं, थोडा वेळ ठेवून ओतून द्यायचं, मग साध्या पाण्याची एक उकळी. व्हिनेगरनंही निघतो, पण वास पुढच्या कपापर्यंत टिकतो.

दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असा मेसेज आला की केटल निकामी. घरचा इन्व्हर्टर दिवे-पंख्यांपुरता आहे, त्याला केटल लावली तर तो तत्काळ मान टाकेल. त्या दिवसांसाठी आईचा थर्मास आहे. रात्री ती औषधासाठी त्यात उकळतं पाणी भरतेच, त्यात चारशे मिली माझं. सकाळी ते पंच्याहत्तर अंशांच्या आसपास असतं. वीस-बावीस अंशच चढवायचे, म्हणजे गॅसवर झाकण ठेवून मिनिटभराचं काम. वेगाच्या दृष्टीनं हा खरं तर सगळ्यात पुढचा मार्ग. रोज का करत नाही, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. रोज रात्री पाणी उकळून ठेवायची आठवण कुणी ठेवायची, या प्रश्नावर आमच्या घरी एकमत नाही.

केटल आता माझ्या एकट्याची राहिलेली नाही. मुलगा सुट्टीत आला की तिच्यात पाणी तापवून नूडल्स भिजवतो, बायको डाळ शिजत टाकताना आधणाचं पाणी तिच्यातूनच घेते. चहा मात्र तिच्यातल्या पाण्याचा होत नाही. आईच्या मते चहाचं पाणी साखर, आलं आणि पूड यांच्यासह एकत्रच उकळलं पाहिजे, आणि त्यासाठी तिला लहान बर्नर पहाटेपासून हवा असतो.